आधी ठरवा, मग उघडा

काकांच्या हातात कुणी डबा दिला की ते आधी त्याला उलटा हात लावून बघायचे, लहान मुलाचा ताप बघतात तसा. मग विचारायचे, "गरम आहे का?" डब्यात काय आहे, कुणी दिलं, कशासाठी दिलं, हे प्रश्न नंतर. एकदा तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि सोबत पेढ्यांचा बॉक्स आला, तर त्यांनी पत्रिकेलाही हात लावून बघितल्याचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

काका आमचे घरमालक. अमेरिकेत, वाळवंटातल्या चँडलर गावी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि नवरा अडीच वर्षं राहिलो. काका मूळ नागपूरचे. सगळी नोकरी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत गेली आणि तिथे त्यांचं काम एकच होतं. चांगल्या चालणाऱ्या चिपा घ्यायच्या, भट्टीत तापवायच्या, मग गारठवायच्या, पुन्हा तापवायच्या आणि त्या कधी मरतात ते लिहून ठेवायचं. असं तीस वर्षं केल्यावर माणसाचा कशावरही विश्वास राहत नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी क्युपर्टिनोला संसारात होती. काकांकडे उरली होती ती पेटी.

पेटी म्हणजे गॅरेजमधला आडवा फ्रीझर. पांढरा, माझ्या कमरेइतका उंच, आत एक माणूस आरामात झोपेल एवढा. हे मी एकदा गमतीत म्हणाले तर काकांनी तोंड एवढंसं केलं आणि त्याच दिवशी झाकणाला कुलूप बसवलं. किल्ली लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्यावर. "कुणाचं पोर लपंडाव खेळताना आत शिरलं तर? असं होतं, माहिताय?" त्या गल्लीत तेव्हा एकही लहान मूल नव्हतं.

घराचा करारनामा दोन पानांचा होता आणि पेटीची पुरवणी तीन पानांची. आम्हाला त्यांनी ती वाचून दाखवली आणि प्रत्येक पानावर सही घेतली. पेटीची वायर थेट भिंतीत जाईल, एक्स्टेंशनला नाही. पेटी भिंतीपासून वीतभर लांब राहील, तिलाही श्वास लागतो. गरम वस्तू आत जाणार नाही. काचेची बाटली आत जाणार नाही. बाहेर काढून वितळलेली वस्तू तशीच परत आत जाणार नाही. प्रत्येक पाकिटावर मास्किंग टेपची पट्टी असेल आणि तिच्यावर चार ओळी: काय, कुणाचं, कधी, कधीपर्यंत. ज्याच्यावर पट्टी नाही ते काका उचलून टाकणार आणि त्याबद्दल तक्रार ऐकून घेणार नाहीत.

हा चौथ्या ओळीचा हट्ट मला फार हास्यास्पद वाटायचा. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, उणे अठराला काही खराब होतच नाही ना? तुम्हीच सांगता."

"खराब होत नाही. चव जाते." मग म्हणाले, "सेफ असतं ते कायम. पण सेफ आहे म्हणून कुणी खात नाही. माणसं चवीनं खातात. म्हणून तारीख."

या पेटीत फक्त त्यांचं सामान नसायचं. आजूबाजूच्या आठ-दहा मराठी घरांचं जास्तीचं काहीबाही तिथेच. अपार्टमेंटमधल्या पोरांचे आईनं पाठवलेले मसाले, कुणाच्या सोललेल्या मटारांच्या पिशव्या, खवलेला नारळ, आणि वर्षातून एकदा मंडळाचे गणपतीचे मोदक. मंडळाच्या बायका दोन आठवडे आधी जमून दोनशे एक मोदक करायच्या, न उकडताच ते पेटीत जायचे आणि गणपतीच्या सकाळी थेट पातेल्यात. जिथे रिकामी जागा उरेल तिथे काका पाण्याच्या बाटल्या ठेवायचे, कारण भरलेली पेटी लाइट गेल्यावर जास्त वेळ गार राहते. मला तर वाटतं त्यांना रिकामी जागा बघवायचीच नाही.

सामान घ्यायला कुणी आलं की काका स्वतः किल्ली घेऊन पुढे, पण झाकण लगेच उघडणार नाहीत. "काय पाहिजे? कुठल्या कोपऱ्यात आहे? आधी ठरवा, मग उघडा." लोक झाकण उघडून आत बघत विचार करतात याचा त्यांना संताप यायचा. पुढे पुढे हे वाक्य त्यांच्या तोंडी असं बसलं की कुणी घर घेऊ का, नोकरी बदलू का असा सल्ला मागितला तरी उत्तर तेच. मंडळातला एक मुलगा मुलगी बघायला भारतात निघाला तेव्हाही त्याला विमानतळावर सोडताना काका हेच म्हणाले होते.

जानेवारीत पेटीचं सर्व्हिसिंग असायचं. त्या दिवशी काका कंपनीतला जुना पांढरा कोट घालायचे. सगळं सामान आइसबॉक्समध्ये, पेटीचा प्लग बाहेर, आत गरम पाण्याची दोन पातेली, खाली जुने टॉवेल, आणि साचलेला बर्फ आपण होऊन सुटेपर्यंत सगळ्यांनी खुर्च्यांवर बसून राहायचं. पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याला ते बसून राहणं जमेना. त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि बर्फात खुपसायला गेला. अडीच वर्षांत काका ओरडलेले मी तेव्हा एकदाच ऐकले.

"अरे, आत नळी आहे! गॅसची! ती फुटली की पेटी संपली!"

नवरा सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. मग काकांनी त्याच्या हातात लाकडी उलथनं दिलं आणि त्याला चहा पाजला. पुसून कोरडं झाल्यावर त्यांनी खायचा सोडा पाण्यात कालवून आतून बाहेरून पुसलं, झाकणात कागदाची पट्टी धरून रबर घट्ट आहे का ते चारही बाजूंनी ओढून पाहिलं, आणि शेवटी दोन वाट्या आत ठेवल्या.

या वाट्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. साध्या स्टीलच्या वाट्या, आमटीच्या. पाणी भरून गोठवलेल्या. आणि बर्फावर एकेक जुनं चार आण्याचं नाणं. एक वाटी पेटीत अगदी वर, एक तळाशी. मधल्या काळात पेटी बंद पडून परत चालू झाली तर बाहेरून काही कळत नाही, सगळं पुन्हा दगडासारखं गोठलेलं असतं. पण बर्फ वितळला असेल तर नाणं बुडतं आणि बुडालेलं नाणं परत वर येत नाही. "माणसं खोटं बोलतील, मीटर बिघडेल. चार आणे खोटं बोलत नाहीत," काका म्हणायचे. आतलं तापमान बाहेर दाखवणारा, वायरवर टांगलेला थर्मामीटरही होता आणि शेजारी वही. सकाळी सातला एकदा, संध्याकाळी सातला एकदा आकडा लिहायचा. आम्ही नवराबायको त्यांना मागे 'पेटीचे पुजारी' म्हणायचो. आता हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण म्हणायचो.

एप्रिलमध्ये मला मुलगी झाली. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आई आली, आणि चौथ्याच दिवशी तिचं आणि काकांचं वाजलं.

आईने माझ्यासाठी हळिवाची खीर केली होती, चांगलं मोठं पातेलं भरून. आमच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती. ती वाफाळतं पातेलं घेऊन गॅरेजमध्ये गेली. काका तिथे वही लिहीत होते. त्यांनी उलटा हात लावला.

"ताई, हे गरम आहे."

"खीर आहे. गरमच असणार."

"हे आत गेलं की शेजारच्या सगळ्यांना घाम फुटेल. बाहेरून थंड, आतून कोमट, तिथेच जंतू वाढतात. लहान डब्यांत ओता, गार करा, मग आणा."

"साहेब," आई म्हणाली, आणि ती कुणाला साहेब म्हणाली की समजावं, "मी चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाला काही झालेलं नाही."

"मोजलं होतं का?" काकांनी विचारलं. हे ते खरोखरच कुतूहलाने विचारत होते, पण आईला ते कसं कळावं! ती पातेल्यासकट माघारी आली आणि तिने जाहीर केलं की त्या पेटीला ती पुन्हा बोटही लावणार नाही. सातारची बाई, शब्दाची पक्की.

जुलैत माझी सुट्टी संपली. ऑफिसात आयांसाठी एक छोटी खोली होती, तिथे मी दिवसातून तीनदा दूध काढायचा पंप घेऊन बसायची. ऑगस्टअखेर मला पाच दिवसांसाठी ओरेगनला ट्रेनिंगला जायचं होतं. नवीन मशीन येणार होतं, ट्रेनिंग घेणाऱ्यालाच त्यावरचं काम मिळणार होतं, आणि मी गेले नाही तर माझ्या जागी जायला एक जण तयारच बसला होता. मुलगी तेव्हा फक्त माझं दूध प्यायची. तीन प्रकारच्या पावडरी आम्ही आणल्या, तिन्ही तिने आमच्या अंगावर उडवल्या. तेव्हा उपाय एकच होता, रोज थोडं थोडं साठवायचं. आणि साठवायला आमच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तळहाताएवढा.

मी काकांकडे गेले. सत्तर वर्षांचा माणूस, काय सांगायचं आणि कसं!

"काका, पेटीत थोडी जागा हवी होती."

"काय ठेवायचंय?"

"दूध."

"दूध कशाला फ्रीझ करता? दुकानात मिळतं की. गाईचं का म्हशीचं?"

"बाळाचं, काका. म्हणजे... माझं."

काका छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मग पंख्यालाच म्हणाले, "तळाला, डाव्या कोपऱ्यात. सगळ्यात थंड जागा. मंडळाचे मोदक येतील ते वर जातील." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी चार पानं छापून आणली होती, किती दिवस टिकतं, पिशवी काठोकाठ का भरायची नाही, वितळवायचं कसं. माझ्याकडे न बघता ती माझ्या हातात दिली. पिशव्यांवरच्या पट्ट्या त्यांनीच लिहायला घेतल्या. 'कुणाचं' पुढे 'बाळाचे'. 'कधी' आणि 'कधीपर्यंत' पुढे तारखा. पण 'काय' या ओळीशी त्यांचा हात अडला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'महत्त्वाचे'. पुढच्या सगळ्या पिशव्यांवर तेच. त्या महिन्यात पेटी उघडणाऱ्या प्रत्येकाने ते महत्त्वाचं काय आहे असं विचारलं आणि प्रत्येकाला काकांनी "महत्त्वाचं आहे" एवढंच सांगितलं.

मोदक वरच्या थराला गेले म्हणून मंडळाच्या सेक्रेटरी काकू फुगल्या. "दर वर्षी खाली असतात, यंदाच काय झालं?" काका म्हणाले, "यंदा खाली जागा नाही." दोनशे एक मोदकांचा अपमान त्यांनी एकट्याने पचवला.

आईला हे सगळं बिलकूल मान्य नव्हतं. "बर्फातलं शिळं दूध लेकराला? अगं, तिकडे सकाळचं दूध संध्याकाळी पाहुण्याला देताना मी दहा वेळा विचार करते." पण ट्रेनिंगचं तिला पटत होतं. स्वतःची शिक्षिकेची नोकरी तिने माझ्या वेळी सोडली होती, आणि ते ती कधी बोलून दाखवत नसली तरी मला माहीत होतं.

माझं विमान सोमवारी होतं. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी काका नातवाच्या वाढदिवसाला दोन दिवसांसाठी क्युपर्टिनोला गेले. आम्ही आल्यापासून पेटीला सोडून ते पहिल्यांदाच कुठे जात होते. जाताना वही माझ्या हातात दिली. "सकाळी सात, संध्याकाळी सात. फक्त आकडा बघायचा. झाकण उघडायचं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी सातला मी आकडा लिहिला. शून्य फॅरनहाइट, म्हणजे काकांचं उणे अठरा. तासाभराने धुळीचं वादळ आलं. ज्याने ते पाहिलं नाही त्याला सांगून समजायचं नाही. समोरचं घर दिसेनासं झालं, आणि धुळीमागोमाग विजा. मी मुलीला घेऊन आतल्या खोलीत बसले. रात्री उशिरापर्यंत मुलगी किरकिरत होती. शनिवारी सकाळी सातला मला जाग आली ती अर्धीच. गॅरेजमध्ये त्या उकाड्यात जायचा कंटाळा आला. वही उशालाच होती. मी पडल्या पडल्या लिहिलं, 'शनिवार, सकाळ, ०'. रोज शून्यच तर असायचं.

दुपारी चारला बॅग शोधायला गॅरेजमध्ये गेले. आत शांतता होती. पेटीची ती सदाची घरघर नव्हती. प्लग जमिनीवर पडला होता. थर्मामीटरचा आकडा मी सांगत नाही.

मी किंचाळलेच असणार, कारण आई धावत आली. प्लगकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी काढला," ती म्हणाली. "विजा चमकत होत्या गं. आपल्याकडे नाही का आपण टीव्हीचा, फ्रिजचा, मिक्सरचा... मी घरातले सगळे काढले, इथला हाही. घरातले परत लावले. हा राहिला. पेटीला बोट लावणार नाही म्हटलं होतं ना, म्हणून इकडे परत फिरकलेच नाही. विसरलेच."

साताऱ्याच्या घरी वीज कडाडली की आम्ही दोघी बहिणी प्लग काढत पळायचो, तो आमचा खेळच होता. तिला काय बोलणार! आणि सकाळच्या त्या शून्याचं मी तिला सांगितलं नाही. सातला उठून गेले असते तर अकरा तासांत निभावलं असतं, हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

प्लग लावला आणि काकांना फोन केला. मागे पोरांचा गलका चालू होता. मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उघडलं का?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"आईने हात न लावायची शपथ घेतलीय. बाकी कुणी नाही."

"छान. ताईंना सांगा, शपथ मोडू नका. मी उद्या संध्याकाळी येतो. तोपर्यंत झाकण उघडायचं नाही. आत काही झालं असेल तर ते झालंय, बघून बदलणार नाही."

तो एक दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. दोन महिन्यांचं दूध. त्या छोट्या खोलीत दार लावून, भिंतीला डोकं टेकून काढलेलं. आई तर जेवलीच नाही. संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन म्हणाली, "तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण ते दूध चांगलं आहे की नाही हे कळल्याशिवाय मी तिच्या तोंडाला लावणार नाही. सांगून ठेवते."

रविवारी काका विमानतळावरून थेट गॅरेजमध्ये आले. बॅग हातातच. आधी वही उघडली. शनिवार सकाळच्या शून्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ही नोंद कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "बघितलं नव्हतं. झोपेतच लिहिलं."

आई माझ्याकडे वळून बघायला लागली. काकांनी खिशातून पेन काढलं, त्या शून्यावर एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकणावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"ताई," ते आईला म्हणाले, "आमची मुलगी व्हायची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही चार दिवस फिरायला गेलो होतो. परत आलो तर फ्रीझर चालू, सगळं कडक. मधे दोन दिवस लाइट गेली होती हे कळायला काही मार्गच नव्हता. मी स्वतः कोळंबी केली. मला आवडते म्हणून. ती खाऊन आमची ही नऊ दिवस दवाखान्यात होती, सातवा महिना. पोरगी सुखरूप झाली. पण ते नऊ दिवस..." ते पेटीकडे बघत राहिले. "तेव्हा आधी ठरवू, मग उघडू. उघडल्यावर मन फिरतं. नाणं बुडालेलं असेल तर त्या थरातलं सगळं जाणार. मोदक असोत, नाही तर महत्त्वाचं. मान्य?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मान्य," आई म्हणाली.

काकांनी झाकण उघडलं. वरची वाटी काढली. नाणं दिसत नव्हतं. त्यांनी ती उजेडाकडे धरली. बर्फाच्या पार तळाशी, वाटीला चिकटून, चार आणे. मोदक कडक होते, एकही फुटला नव्हता, दिसायला अगदी कालचे. आई पुटपुटली, "काय झालंय त्यांना?" आणि लगेच गप्प बसली.

मग काका कमरेतून वाकले. मटार बाजूला, नारळाच्या पिशव्या बाजूला, बाटल्या बाजूला. खांद्यापर्यंत हात आत. माझ्या नवऱ्याने त्यांना मागून शर्टाला धरून ठेवलं होतं, पडू नयेत म्हणून. बराच वेळ आतून फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग ते सरळ झाले, आणि त्यांनी तळाची वाटी आईच्या हातात दिली.

नाणं बर्फाच्या वर होतं. कोरडं. ठेवलं होतं तसंच.

आई रडायला लागली. मीही. मुलगी आमच्याकडे बघून रडायला लागली. काकांनी पंख्याकडे बघायला मान वर केली, पण गॅरेजला पंखा नव्हता.

"भाऊ," आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला ते वितळवायचं कसं ते नीट दाखवा. लिहून द्या."

त्या संध्याकाळी दोनशे एक मोदक कचऱ्यात गेले. काकांनी स्वतः टाकले, आणि सेक्रेटरी काकूंना फोनही स्वतः केला. मी शेजारीच उभी होते. पलीकडचा आवाज मला नीट ऐकू येत होता. "कुणी काढला प्लग?" हे त्यांनी तीनदा विचारलं. काका तिन्ही वेळा म्हणाले, "पेटी माझी, जबाबदारी माझी." आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. आई ते ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "शनिवारी गणपती ना? त्यांना सांगा, दोनशे एक मोदक मिळतील."

मी ओरेगनला गेले. रोज संध्याकाळी काकांचा मेसेज यायचा. 'आज ४ पाकिटे. जुनी आधी. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवली, ओट्यावर नाही. बाळाने ३ संपवली, १ ताईंच्या साडीवर. आकडा ०, प्रत्यक्ष पाहिला.' शेवटचे दोन शब्द रोज असायचे.

शुक्रवारी रात्री परत आले तर गॅरेजचं दार उघडं आणि आत कारखाना. आई पाटावर बसून पाऱ्या करत होती, नवरा सारण ढवळत होता, आणि काका पांढरा कोट घालून पेटीतल्या तळाच्या नारळाच्या पिशव्या फोडत होते. आई आणि फ्रोजन नारळ! मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "नाणं वर होतं ना? मग चालतं." मुलगी झोळीत गाढ झोपली होती, आणि पाच दिवसांत तिला एक हनुवटी जास्तीची आली होती.

शनिवारी मंडळात लोकांनी पहिल्यांदाच ताजे मोदक खाल्ले. सेक्रेटरी काकू सगळ्यांना सांगत होत्या की असे मोदक आजवर झाले नाहीत. काका एका कोपऱ्यात उभे राहून भेटेल त्याला समजावत होते की उणे अठराला नीट ठेवलेले मोदकही हुबेहूब असेच लागतात. त्यांनी सात खाल्ले.

पुढच्या वर्षी आम्ही फ्रीमाँटला आलो. निघताना काकांनी एक पिशवी दिली. मी सवयीने तिला उलटा हात लावला, तर ते हसले. आत तळाची वाटी होती, नाण्यासकट, आणि तिच्यावर पट्टी. 'काय: वाटी व चार आणे. कुणाचे: बाळाचे. कधी:' पुढे त्या रविवारची तारीख. 'कधीपर्यंत' च्या पुढे त्यांनी आधी काहीतरी लिहून खोडलं होतं. त्याखाली होतं, 'कायम'.

आता काका क्युपर्टिनोला मुलीकडे असतात. तिथल्या घरात पेटीला जागा नाही. गुडघे गेलेत, ऐकायला कमी येतं. माझी मुलगी सात वर्षांची झाली. आमच्या टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर आहे, त्यात ती वाटी. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मुलगी काकांना व्हिडिओ कॉल लावते, आणि किल्ली मला खिळ्यावरून काढून द्यावी लागते.

"काय बघायचंय?" पलीकडून काका मोठ्याने विचारतात. "आधी ठरव."

"आजोबा, ऑलरेडी ठरवलंय!" ती ओरडते आणि झाकण उचलते. "इट्स ऑन टॉप!"

"प्रत्यक्ष पाहिलंस?"

"पाहिलं!"

मग काका त्यांच्या वहीत लिहितात. लिहायला बसताना त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज मला इकडे येतो.